कोल्हापूरहून घेतलेल्या जुन्या मोटारीची नोंदणी

प्रश्न : मी निपाणीचा रहिवासी असून कोल्हापूर येथील नातेवाइकांकडून जुनी मोटार विकत घेतली आहे. परराज्यातील गाडी बारा महिने तशीच चालवता येते, असे येथे सर्वजण सांगतात. हे खरे आहे काय?

उत्तर : सीमाभागात हा गैरसमज फार खोलवर रुजला आहे आणि त्यापायी अनेकांना नाहक त्रास सोसावा लागतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 47 ची बारा महिन्यांची मुदत नव्या नोंदणी क्रमांकापुरती आहे. मालकी बदलल्याची सूचना मात्र कलम 50 नुसार खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत आपल्या निवासक्षेत्रातील कार्यालयास, म्हणजे आपल्या बाबतीत चिक्कोडीच्या परिवहन कार्यालयास, द्यावी लागते. त्यासाठी विक्रेत्याने प्रथम कोल्हापूर कार्यालयाकडून नमुना 28 मधील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमती आधी हवी, आणि व्यवहार नात्यातला असला तरी ही कागदपत्रे हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुढे मालकी हस्तांतरणासाठी नमुने 29 व 30 आणि नव्या क्रमांकासाठी नमुना 27 भरावा. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार कमी होतो. विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांतच अर्ज करावा. कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडे रोज ये-जा असेल, तर विम्याचे हे काम सर्वांआधी उरकावे.