वाचकांचे प्रश्न : सरांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. 22 वर्षांपूर्वी बार्देशातील एका शाळेत नोकरीला लागले, तेव्हा वर्गासमोर उभे राहतानाही माझा आवाज कापत असे. तिथले मुख्याध्यापक कॅथलिक होते. मी त्यांना आजही नुसते ‘सर’ म्हणते. पहिली दोन वर्षे ते आठवड्यातून एकदा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि शाळा सुटल्यावर, एकही चूक न दाखवता, ‘तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीने आज एकदाही मान वर केली नाही, तुमच्या लक्षात आले का?’ असा एखादाच प्रश्न विचारत. मी शिक्षिका झाले ती त्या प्रश्नांमुळे.

सर आता 74 वर्षांचे आहेत. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने तीन वर्षांपासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार त्यांचे डायलिसिस असते. आता हृदयही थकले आहे. तरीही संध्याकाळची तेर्स (जपमाळेची प्रार्थना) चुकत नाही आणि डायलिसिस चालू असतानाही मोकळ्या हातात जपमाळ असते. प्रत्येक मण्याला ते एकेका माणसाचे नाव घेतात आणि त्यांत माझेही नाव असते, असे त्यांच्या पत्नीने सांगितले, तेव्हापासून मी बेचैन आहे. गेल्या महिन्यात पाद्रींनी घरी येऊन त्यांना तेल लावले, म्हणजे शेवट जवळ आला असे मला वाटले. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तेल वाहण्याचा नवस बोलल्याचे मी त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘मी बरे होण्याचे मागत नाही. दुखण्यामुळे घरच्यांवर खेकसू नये, एवढेच मागतो.’ मला त्यांचा रागच आला. मी हिंदू आहे, त्यांची श्रद्धा माझी नाही. आभाराचे पत्र लिहायला बसते, पण ते निरोपाचे पत्र वाटेल या भीतीने फाडून टाकते. मी काय करावे?
— एक मुख्याध्यापिका, फोंडा

उत्तर : पत्र लिहा, आणि याच आठवड्यात लिहा.

आधी तेलाविषयी सांगते, कारण तुमची भीती तिथूनच सुरू झालेली दिसते. रुग्णाला तेल लावणे हा कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी एक आहे. कित्येक शतके तो मरणाच्या उंबरठ्यावरच दिला जाई, त्यामुळे पाद्री तेल घेऊन घरी आले की आशा संपली, अशी समजूत जुन्या माणसांत खोलवर रुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, 1972 साली, या संस्काराचा विधी नव्याने घालून देण्यात आला. तेव्हापासून गंभीर आजारी असलेल्या किंवा वार्धक्याने खचलेल्या कोणालाही तो घेता येतो आणि दुखणे वाढल्यास पुन्हाही घेता येतो. बिशपांनी पवित्र सप्ताहात आशीर्वादित केलेले तेल कपाळाला आणि हातांना लावून पाद्री जी प्रार्थना करतात, तिच्यात मनाच्या बळाबरोबर शरीराच्या आरोग्याचेही मागणे असते. सरांनी तेल लावून घेतले ते आजारपणात जगण्यासाठी बळ मिळावे म्हणून. त्यावरून दिवस मोजू नका.

तुमच्या रागाबद्दल मला तुम्हाला दोष द्यावासा वाटत नाही. ज्याच्यासाठी आपण नवस बोलतो, तोच ‘मला ते नको’ म्हणाला की आपण बाहेर ढकलले गेलो असे वाटते. परंतु बरे होण्याचे मागणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे ख्रिस्ती धर्मात कोठेही मानलेले नाही. गेथशेमनीच्या बागेत येशूने प्रथम हे दुःखाचे पात्र आपल्यापासून दूर व्हावे असेच मागितले आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. येशूचा प्रेषित पौल यानेही आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सलणारे दुखणे, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. सरांनीही पहिल्या काही महिन्यांत तेच मागितले असेल. तीन वर्षांनंतर त्यांचे मागणे जिथे येऊन ठरले आहे, ते ठिकाण सोपे नाही. आठवड्यातून तीनदा, दरवेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहायचे, पायात गोळे येतात, अंगाला खाज सुटते, आणि घसा कोरडा पडला तरी पाणी मोजूनच प्यायचे. अशा देहातून बायकोशी प्रेमाने बोलण्याचे बळ मागणारा माणूस हरलेला नसतो. शेवटच्या बाकावरून तिसऱ्या रांगेतली मुलगी पाहणारी जी नजर, तीच मला या मागण्यात दिसते. तुमचा नवस तुम्ही अवश्य फेडा. ईस्टरनंतरच्या फेस्ताला, म्हणजे सायबिणीच्या उत्सवाला, म्हापशाच्या त्या चर्चमध्ये हिंदू भाविकही तेल घेऊन रांगेत उभे असतात, आणि शिरगावची लईराई देवी व मिलाग्रिस या बहिणी आहेत असे मानणाऱ्या गोव्यात तुमच्या तेलाचे कोणालाही नवल वाटणार नाही. सरांनी त्यांच्या रीतीने मागावे, तुम्ही तुमच्या.

आता पत्र. त्यात त्यांच्या धीराची आणि श्रद्धेची स्तुती करू नका, हे मी आग्रहाने सांगते. माझी आई शेवटच्या आजारात असताना भेटायला येणारा प्रत्येक जण तिच्या सोशिकपणाचे कौतुक करून जाई. एका संध्याकाळी तिने मला विचारले, ‘मी आता रडले तर या सगळ्यांना वाईट वाटेल का गं?’ तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. सरांनाही एखाद्या दिवशी प्रार्थना नकोशी वाटू शकते, आणि तसे वाटण्याची मोकळीक तुमच्या पत्राने त्यांच्याकडून काढून घेऊ नये. तुम्ही त्यांना त्या मुलीविषयी लिहा. तिने मान का वर केली नव्हती, पुढे तिचे काय झाले, त्यानंतर वर्गात शिरल्यावर तुमची नजर आधी कुठे जाऊ लागली, हे लिहा. नव्या शिक्षिकेच्या वर्गात आज तुम्ही शेवटच्या बाकावर बसत असाल, तर तेही लिहा. असे पत्र निरोपाचे वाटत नाही, कारण त्यातले काम अजून चालू आहे.

त्यांच्या श्रद्धेबद्दल मात्र एक वाक्य असू द्या. ‘तुमच्या माळेत माझे नाव आहे हे मला कळले आणि मला फार आधार वाटला,’ एवढे म्हणायला ती श्रद्धा आपली असावी लागत नाही. आणि शेवटी आभाराचा शब्द शोधत बसू नका. गोव्यात आपण देवळात जाणारे असू किंवा चर्चमध्ये जाणारे, उपकार करणाऱ्याला ‘देव बरें करूं’ म्हणतो. आपल्याकडून जे फिटण्यासारखे नाही ते देवाने भरून द्यावे, असे हे मागणे आहे. तुम्हाला ते तुमच्या देवाकडे करता येईल आणि सरांना ते त्यांच्या देवाकडे पोहोचलेले ऐकू येईल.

पत्र टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी माणूस गळून गेलेला असतो, म्हणून रविवारी सकाळी जा. आजाऱ्याकडे जाताना शहाळे आणि केळी नेण्याची आपली पद्धत आहे, पण त्यांतले पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि ते हृदयाला धोक्याचे ठरते, म्हणून ती दोन्ही टाळा. काही न्यायचेच असेल तर त्यांच्या पत्नीला आधी विचारा. ज्या हातावर डायलिसिसची सुई टोचतात, तो हात घट्ट धरू नका. चर्चमधून कोणी घरी कोमुन्यांव (प्रार्थनेतला पवित्र प्रसाद) घेऊन आले तर तुम्ही ते घ्यायचे नसते, पण शांतपणे बसून राहायला कोणाचीही हरकत नसते.

पत्र त्यांना वाचून दाखवा, आणि मग तुमच्या शाळेत यंदा रुजू झालेल्या एखाद्या घाबऱ्या शिक्षिकेबद्दल सांगून त्यांना विचारा, ‘सर, तिला मी पहिला प्रश्न कोणता विचारू?’