पोट नको, भूक काढ

प्रिय मुली,

तुझं पत्र आलं, चित्रांचे फोटोही नीट मोठे करून पाहिले. इंदूरच्या सराफ्यातली रात्र, तेलात फुगणाऱ्या जिलब्या, सुटलेल्या पोटांचे चार शेठजी आणि कोपऱ्यात एक हाडकुळं पोर. जोडीला दुसऱ्या कॅनव्हासवर संयम म्हणून वाटीभर भात घेऊन बसलेला साधू. परीक्षक म्हणाले, हे पोस्टर आहे. आणि तू मला विचारतेस, खादाडपणा अजून ठळक कसा करू?

ठळक करूच नकोस. पोट नको, भूक काढ.

सराफ्यात तू बसलीस किती वेळ? सोन्याचांदीच्या दुकानांना कुलपं लागतात आणि त्याच ओट्यांसमोर तळलेला गराडू कंद, भुट्ट्याचा कीस, मालपुवा मांडला जातो. दिवसभर उभं राहून पाय दुखलेले दुकानातले नोकरही तिथेच खातात. त्यांच्यातला एखादा जाड असेल. म्हणून तो हावरा? मी पाहिलेला सर्वांत हावरा माणूस काडीसारखा होता. पंगतीत आपल्या पानावर जिलबी असताना त्याची नजर शेजारच्या पानावर असायची. ती नजर काढायची सोडून तू पोटं काढत बसलीस, याचा मला राग येतो. पोट काढायला कष्ट पडत नाहीत.

थोर चित्रकारांनी हे काम कसं केलं ते बघ. इटलीतल्या पाडुआच्या चॅपलमध्ये जोत्तोने 1305च्या सुमारास सात सद्गुण आणि सात दुर्गुण समोरासमोरच्या भिंतींवर रंगवले, दगडी मूर्ती वाटाव्यात अशा करड्या रंगात. त्यातल्या संयमाच्या बाईच्या तोंडात लगाम आहे आणि हातातली तलवार म्यानासकट पट्ट्याने बांधलेली आहे. अन्नाचा कण नाही. समोरच्या भिंतीवर खादाडपणाही नाही, तिथे अंगावरचं वस्त्र फाडणारा क्रोध उभा आहे. बॉशच्या नावावर असलेला सात पापांचा चित्रफलक माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात बाप ताटावर तुटून पडलाय, पण तू त्याच्याकडे झेपावणारं गुबगुबीत मूल बघ. घराची सवय पुढे कशी जाते ते तिथे दिसतं. आणि ब्रूगेलचं 1567चं सुखलोकाचं चित्र! पाय फुटलेलं अंडं चालत येतंय, कुशीत सुरी खोचलेलं डुक्कर फिरतंय, आणि शेतकरी, शिपाई, कारकून झाडाखाली पसरलेत. अन्न दारात आलंय आणि त्यांची भूक मेलीय. मला त्या चित्राची भीती वाटते.

इतकं लांब जायचंही कारण नाही. इथून शंभरेक किलोमीटरवर मांडू आहे. तिथल्या गियासशाह सुलतानासाठी 1500च्या आसपास ‘निमतनामा’ नावाची पाककृतींची सचित्र पोथी लिहायला घेतली, ती त्याच्या मुलाच्या काळात पुरी झाली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली पन्नास चित्रं शोधून काढ. मिशीवाला सुलतान बसलेला असतो, भोवती बायका सामोसे करतायत, काही ढवळतायत, आणि तो बघतोय. पोथीभर खाण्याचा सोस आहे, पण चित्रकाराने कुठे नाक मुरडलेलं नाही. तू प्रत्येक शेठजीला नाक मुरडून काढलंयस.

साधूचंही तेच. ज्याच्यापुढे वाटीभरच भात आहे, त्याचा संयम तुला कसा कळला? आमच्या घरी बायकांची पंगत शेवटी बसायची. पुरुषांच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की पानावर हात आडवा यायचा. आग्रह, पुन्हा हात, पुन्हा आग्रह. काही हात खरंच ‘पुरे’ म्हणायचे, काही बोटं फाकवून वाट ठेवायचे. बायकांच्या पंगतीत आडवा हात मी पाहिला नाही, कारण नाही म्हणण्याइतकं उरायचंच नाही. त्याला लोक संयम म्हणायचे. मी म्हणत नाही. समोर भरलेलं असावं, भूक असावी आणि तरी हात थांबावा, तेव्हाच तो शब्द वापर.

तो आडवा हात माझ्याकडून रंगवायचा राहिला. आता बोटं थरथरतात, त्यामुळे तो राहिलाच म्हणायचं. पण जे केलं त्याबद्दल मला कुणापुढे मान खाली घालायची नाही. एका गॅलरीवाल्याला माझ्याकडून रंगीबेरंगी सराफा हवा होता, हॉटेलांच्या भिंतींसाठी. मी दिला नाही. उष्टी पानं, रिकामे वाडगे, उरलेल्या चटणीचा ओघळ, हेच काढत राहिले. कोरडी चित्रं म्हणून लोकांनी नावं ठेवली, माझ्या मागून आलेले पुढे गेले. जाऊ देत. स्पेनच्या सांचेस कोतानने 1602च्या सुमारास दोऱ्याला टांगलेला कोबी आणि बिहीचं फळ काढलं, खाली चिरलेलं खरबूज आणि एक काकडी, मागे गडद काळोख. पुढच्याच वर्षी तो मांस वर्ज्य असलेल्या मठात गेला. त्या कोबीपुढे कुणी माणूस नाही, तरी भूक आहे. त्याला कोरडं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

रागावलेय असं समजू नकोस. तुझी रेघ चांगली आहे, म्हणून एवढं लिहितेय. जिलबीच्या कढईवर पडलेला तुझा उजेड मला मनापासून आवडला, तो ठेव. शेठजी पुसून टाक. पोरही पुसून टाक, त्याला तू फक्त वजन तोलायला उभं केलंयस.

सादरीकरणाची तारीख पुढे ढकलून माग. नाही मिळाली तर अपुरं चित्र ठेव, पण ही पोटं ठेवू नकोस. या आठवड्यात रोज रात्री सराफ्यात जा, रंग घरी ठेव, कोळसा आणि साधे कागद ने, आणि फक्त हात काढ: पुढे येणारे, थांबलेले, द्रोण चाटून पुसणारे. स्वतः उपाशी जाऊ नकोस आणि पोटभर जेवूनही जाऊ नकोस. रविवारी सकाळी ते कागद घेऊन ये, चांगले-वाईट निवडू नकोस, सगळे आण.

तुझी,
बाई