सोलापुरात आजोबांच्या काळी निघणाऱ्या साप्ताहिकाचा इतिहास लिहायचा आहे. त्यातले अग्रलेख कुठे मिळतील?

तुम्ही फक्त अग्रलेख विचारलेत, म्हणून लिहायला बसलो. अग्रलेखांवरून साप्ताहिकाचा इतिहास लिहू नका. पान तीन उघडा आणि वकिलांनी छापून आणलेल्या जाहीर नोटिसा वाचा.

माझ्या वडिलांचं साप्ताहिक होतं. साखर पेठेत खाली छापखाना, वर आम्ही. चार पानं, दर शुक्रवारी. आण्णा संपादक, मुद्रक, प्रकाशक, आणि कंपोझिटर गावाला गेला की अक्षरांचे शिशाचे खिळेही तेच जुळवायचे. गुरुवारी रात्री ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, थांबलं की आई खळ शिजवायची, आम्ही भावंडं वेष्टणं चिकटवायचो आणि दादा सायकलला गठ्ठा बांधून स्टेशनवर आरएमएसला, म्हणजे रेल्वेच्या टपाल कचेरीत, जायचा. अग्रलेख सगळ्यात शेवटी जुळायचा, कारण नोटिसांची जागा आधी ठरायची. वर्गणीदार वर्षाची वर्गणी थकवायचे, वकील नोटिशीचे पैसे रोख द्यायचे. कागद त्या पैशातून यायचा.

काकांना हेच खुपायचं. ते एका दैनिकात होते. दिवाळीला पंगत बसली की म्हणायचे, "हे वर्तमानपत्र आहे का? नोटिसांचा कागद आहे." आण्णा मान खाली घालून जेवायचे. त्या गप्प बसण्याचा मला फार राग यायचा.

१९९१ च्या उन्हाळ्यात एक बाई छापखान्यात आल्या. विड्या वळणाऱ्या, पन्नाशीच्या. हातात चिठ्ठी, तिच्यावर वकिलानं आमच्या पत्राचं नाव आणि १९७४ एवढंच लिहिलेलं. नवऱ्यानं घेतलेल्या दोन खोल्यांवर दीर हक्क सांगत होता. खरेदीआधी नोटीस छापून आली होती एवढं त्यांना माहीत होतं. तारीख नाही, महिना नाही. आण्णांनी त्या वर्षाची फाईल काढली. कागद इतका जुना की पान उलटताना कोपरा हातात यायचा. म्हणून त्यांनी मला हात लावू दिला नाही, दोन तास एकेक पान स्वतः उलटलं. नोटीस सापडली ती सिनेमाच्या जाहिरातीखाली, सहा ओळींची. "सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, मागाहून तक्रार चालणार नाही." बाईंना वाचता येत नव्हतं. आण्णांनी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "परत एकदा वाचा की ओ आण्णा. आणि त्यांचं नाव कुठंय ते दाखवा." आण्णांनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमच्या घरातून काय छापून बाहेर जातं, ते त्या दिवशी कळलं.

आण्णा १९९८ मध्ये गेले. मी पुण्याला नोकरीत. चौदाव्याला छापखान्यात उतरलो तर मांडण्या रिकाम्या. दादानं आणि काकांनी खिळ्यांचं शिसं किलोवर विकलं आणि फायलीही किलोवर. मी भांडलो. काका म्हणाले, "त्यात जपण्यासारखे अग्रलेख होते का? नोटिसाच तर होत्या." एकच फाईल बचावली, १९८२ ची, कारण ती बाइंडरकडे होती. महिन्याभरानं तो शिलाईचे पैसे मागायला आला तेव्हा मी ते देऊन ती घेतली.

त्या एका वर्षात काय आहे सांगतो. यंत्रमागाच्या भागीदाऱ्या जुळल्याच्या आणि मोडल्याच्या नोटिसा. नावबदल. एकाच गल्लीतल्या तीन घरांची सहा महिन्यांत विक्री. हरवलेल्या पावत्या. गाव कुठे कमावत होतं आणि कुठे बुडत होतं, हे त्या पानावर आहे. अग्रलेखात त्या आठवड्यांत दिल्लीचं राजकारण आहे.

आता तुमच्या कामाचं. पत्र १९५६ नंतरचं असेल तर दर वर्षीचा मार्चचा पहिला अंक शोधा. फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात फॉर्म नंबर ४ छापावा लागायचा. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता सगळं एका चौकटीत मिळतं. अंक सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारा, मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात विचारा. ठरावीक ग्रंथालयांना ग्रंथ पाठवण्याचा १९५४ चा कायदा १९५६ पासून वृत्तपत्रांनाही लागू झाला, म्हणून तिथे काही पत्रं गेली. जुन्या वकिलांच्या घरीही जा. दाव्याच्या कागदांत नोटिशीची कात्रणं लावलेली असतात.

पत्र स्वातंत्र्यापूर्वीचं असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागारात सरकारनं देशी पत्रांतल्या मजकुराचे करून घेतलेले साप्ताहिक सारांश पाहा. सोलापुरात १९३० च्या मे-जूनमध्ये मार्शल लॉ होता. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन हे 'गझनफर' पत्राचे संपादक होते. त्यांच्या चार पुतळ्यांना हार घालणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? पण त्या सारांशांत सरकारला दखल घ्यावीशी वाटलेला मजकूर उतरला आहे, नोटिसा नाहीत.

एक मात्र सांगायला हवं. प्रत्येक साप्ताहिक सरळ नव्हतं. काही जण नोटिशीपुरत्या मोजक्या प्रती काढायचे, म्हणजे ज्याला कळायला हवं त्याच्यापर्यंत ती जाऊच नये. छापलेल्या खपावर विश्वास ठेवू नका, आमच्यासुद्धा. आणि आणीबाणीतले, जून १९७५ ते मार्च १९७७ चे अंक सापडले तर अग्रलेखही जरूर वाचा. कोण काय लिहायचं थांबलं ते तिथे दिसतं.

पण तेही पान तीन वाचून झाल्यावर.