फ्लेक्सवाला ३०० डीपीआय मागतोय, देऊ का? – वाचकांचे प्रश्न

मी आयपॅडवर प्रोक्रिएट या ड्रॉइंग ॲपमध्ये लग्नपत्रिका करते. माझ्याकडे मस्त दिसतं, पण क्लायंटला व्हॉट्सॲप केलं की लाल अक्षरांभोवती घाण दिसते. जेपीजीची क्वालिटी फुल ठेवूनसुद्धा. (गिरगाव)

ताई, तुम्ही क्वालिटी कितीही ठेवा, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप फाइल लहान करायला ते परत दाबणारच. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून देतं. आकाश किंवा गाल असेल तर ते कळतही नाही, पण आपली शिरोरेषा म्हणजे एकदम कडक धार, तिथे लगेच पकडलं जातं. झूम करून बघा, 'श्री'च्या शिरोरेषेच्या वरखाली मळकट ठिपके दिसतील. त्यात लाल अजून वाईट, कारण बहुतेक जेपीजीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी रिझोल्युशनने साठवतात.

अक्षरं, लाइन आर्ट, सपाट रंग असतील तर पीएनजी (तपशील न टाकणारा फॉरमॅट) काढायची आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, मग जशीच्या तशी पोचते. आणि प्लीज, क्लायंटने परत पाठवलेल्या जेपीजीवर करेक्शन करत बसू नका, दर सेव्हला थोडं थोडं जातंच. करेक्शन नेहमी मूळ लेयरवाल्या (चित्राचे थर वेगळे असलेल्या) फाइलमध्ये.

मंडळाचा १० बाय ८ फुटांचा बॅनर करतोय. फ्लेक्सवाला म्हणतो ३०० डीपीआय दे. लॅपटॉप हँग होतोय. (परळ)

होणारच रे! डीपीआय म्हणजे दर इंचाला किती ठिपके. हिशोब कर, १० फूट म्हणजे १२० इंच, गुणिले ३०० म्हणजे ३६,००० पिक्सेल, आणि उंची २८,८००. शंभर कोटींच्या वर पिक्सेल झाले, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंचे रंग) नुसता एक लेयर ४ जीबीच्या पुढे जातो. शिवाय पीएसडीची (फोटोशॉपची नेहमीची फाइल) मर्यादा एका बाजूला ३०,००० पिक्सेल, म्हणजे फोटोशॉप ही फाइल पीएसडीत सेव्हच करणार नाही, पीएसबी हा मोठ्या फाइलचा फॉरमॅट लागेल. आणि हे सगळं कशासाठी, तर रस्त्याच्या पलीकडून बघायच्या बॅनरसाठी. ३०० हे हातात धरायच्या कागदाचं गणित आहे. पूर्ण साइजला ७२ ते १०० डीपीआय भरपूर झालं, ७२ ला फाइल ८,६४० बाय ६,९१२ होते, लॅपटॉप आरामात उचलतो. फ्लेक्सवाल्याला नीट विचार, फुल साइजला ३०० की छोट्या साइजची फाइल करून ३००, बऱ्याचदा त्याला दुसरंच म्हणायचं असतं.

खरी भानगड वेगळीच आहे, फॉन्टची. त्याच्याकडे कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असतं, बहुतेक जुनं व्हर्जन, आणि तुझा मराठी फॉन्ट त्याच्या मशीनवर नसतो, मग जोडाक्षरं फुटतात आणि विसर्जनापर्यंत अख्खी गल्ली ते वाचते. म्हणून टेक्स्ट कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, मग फॉन्ट लागत नाही) पीडीएफ दे, किंवा सगळं फ्लॅट करून (सगळे लेयर एकत्र करून) टिफ दे. लोगो असेल तर व्हेक्टरच (कितीही मोठा केला तरी न फाटणारा) ठेव, वर्गणी देणाऱ्या दुकानदाराचा लोगो फाटलेला दिसला की पुढच्या वर्षी ऐकून घ्यावं लागतं.

माझ्या चित्रांचे ए३ प्रिंट विकायचेत. इन्स्टावर टाकलेल्या फाइलचा डीपीआय ३०० केला तर चालेल का? आणि प्रिंटमध्ये निऑन हिरवा मेल्यासारखा का येतो? (जे. जे.ची विद्यार्थिनी)

नाही चालणार. डीपीआय बदलला म्हणून पिक्सेल वाढत नाहीत. १,०८० पिक्सेलची इमेज ३०० ला साडेतीन इंचांच्या आसपास छापली जाते, ए३ ला ३,५०८ बाय ४,९६१ लागतात. त्यामुळे कॅनव्हास सुरुवातीलाच तेवढा घे, लेयर कमी मिळतील पण इलाज नाही.

रंगाचं म्हणशील तर स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई शाईने, आणि चार शाईंत तो हिरवा बसतच नाही. फॉरमॅट बदलून काही होत नाही. पीएनजीत तर सीएमवायके ठेवताच येत नाही, म्हणून ऑफसेटला (प्रेसच्या छपाईला) टिफ किंवा पीडीएफ. पण आर्ट प्रिंटवाल्यांच्या इंकजेटला पुष्कळदा आरजीबीच (स्क्रीनचे रंग) हवं असतं, तेव्हा आधी फोन कर, मग कन्व्हर्ट कर. आणि एक ए४ टेस्ट प्रिंट काढच, पैसे गेले तरी.

वेबपी वापरू का? (ठाणे)

वेबपी हा इमेज फॉरमॅट वेबसाइटवर बिनधास्त वापरा, फाइल लहान होते आणि बॅकग्राउंड पारदर्शकही राहतं. व्हॉट्सॲपचे स्टिकर तर वेबपीच असतात, ५१२ बाय ५१२, साधा स्टिकर १०० केबीच्या आत. प्रेसला मात्र देऊ नका.

जुनी कामं कशात ठेवू? (डोंबिवली)

मूळ फाइल ठेवाच, प्रोक्रिएटची असेल तर शेजारी पीएसडी एक्स्पोर्टही, म्हणजे उद्या आयपॅड बदललात तरी लेयर हातात राहतात (टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचं रेकॉर्डिंग, पीएसडीत येत नाही, हवा असेल तर व्हिडिओ वेगळा काढा). सोबत एक फ्लॅट टिफ किंवा पीएनजी, ती कुठेही उघडते. जेपीजी साठवून ठेवायची गरज नाही, लागेल तेव्हा दोन मिनिटांत काढता येते.