वॉरंटीतला लॅपटॉप बंद पडतो आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं पाणी गेलंय, पैसे भरावे का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. लॅपटॉप वॉरंटीत आहे, काम करता करता आपोआप बंद पडतो, कस्टमर केअरवाले दरवेळी विंडोज नवीन टाकायला लावतात, आणि आता इथल्या सर्व्हिस सेंटरने आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही, मदरबोर्डचे पैसे भरा असं तोंडी सांगून मशीन परत दिलंय. पाणी सांडलेलंच नाही असं तुम्ही ठामपणे म्हणताय, आणि तरी पैसे भरून मोकळं व्हावं का असं विचारताय.

नका भरू. निदान त्यांनी कारण लेखी देईपर्यंत तरी एक रुपया भरू नका.

मी नाशिकच्या अंबड आणि सातपूरमधल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या सपोर्टशी बोलणं हे माझं कायमचंच काम आहे. त्यात एक गोष्ट मला फार खटकते, ती म्हणजे मशीन बिघडलं की पहिला संशय गिऱ्हाइकावरच. तुमची लाईट खराब, तुम्ही भलतं सॉफ्टवेअर टाकलं, तुम्ही पाणी सांडलं. आणि माणूस बिचारा कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही म्हणून गप्प बसतो, एमजी रोडवर जाऊन नवीन घेतो नाहीतर सांगितले तेवढे पैसे भरतो. चाळीस-पन्नास हजाराची वस्तू हप्त्याने घेतलेली असते हो, पोरांचं शिक्षण त्यावर चालू असतं, मला ते बघवत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत 2003 ते 2005 च्या काळात डेलच्या ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपमध्ये खराब कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) बसवले गेले होते, ते फुगायचे, त्यातून द्रव गळायचा आणि बोर्ड मरायचा. मे 2003 ते जुलै 2005 मध्ये विकलेली किमान 1 कोटी 18 लाख मशीन त्या धोक्यात होती. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातली मशीन धडाधड बंद पडायला लागली तेव्हा कंपनीने काय कारण दिलं माहितीये, तर तुम्ही त्यांच्यावर फार अवघड गणितं करता म्हणून ती बिघडली. गणित विभागाला! पुढे एका कोर्ट केसमधली कागदपत्रं 2010 मध्ये उघड झाली तेव्हा कळलं की दोष कंपनीच्या आत माहिती होता आणि बोर्ड खराब आहे असं गिऱ्हाइकाशी बोलताना सूचित होऊ देऊ नका अशा सूचना कर्मचाऱ्यांना होत्या.

अगदी अलीकडचं बघायचं तर इंटेलचे 13व्या आणि 14व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. गेम खेळताना मशीन क्रॅश व्हायचं आणि स्क्रीनवर एरर यायची ग्राफिक्स मेमरी संपल्याची, म्हणजे संशय चांगल्या ग्राफिक्स कार्डावर, मग ड्रायव्हर बदला, रॅम बदला, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग बदला, असे लोकांचे महिनेच्या महिने गेले. शेवटी जुलै 2024 मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय. मग बायोस अपडेट आले, वॉरंटी 3 वर्षांची 5 वर्षं केली, पण जे प्रोसेसर आधीच खराब झाले होते ते अपडेटने सुधारणार नव्हते, ते बदलूनच घ्यावे लागले. हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की समोरचा माणूस कंपनीचा टी-शर्ट घालून सांगतोय म्हणजे ते खरंच असेल असं धरून चालू नका. तुम्ही पाणी सांडलं नाही ना? मग आपल्या म्हणण्यावर उभे राहा.

फोनवर जी मुलं-मुली बोलतात त्यांच्यावर मात्र चिडू नका, मनापासून सांगतो. कॉल किती मिनिटांत संपवला यावर त्यांचं काम मोजलं जातं, समोर स्क्रीनवर पायऱ्या दिलेल्या असतात, त्या ओलांडायची परवानगी त्यांना नसते आणि विंडोज रिसेट ही पायरी त्यात असतेच. सर्व्हिस सेंटरही बहुतेक ठिकाणी कंपनीचं नसतं, कंपनीचं काम घेतलेल्या दुसऱ्याच कुणाचं असतं, वॉरंटीतल्या कामाचे पैसे त्याला कंपनी देणार, आणि शंका असलेलं मशीन वॉरंटीत घेतलं आणि कंपनीने क्लेम नाकारला तर भुर्दंड त्याला. म्हणून बोर्डावर जरा डाग दिसला की तो तुमच्यावर ढकलणं त्याला सोपं पडतं. निर्णय घेणारा माणूस तिसरीकडेच बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत तुमचा आवाज पोचत नाही, फक्त कागद पोचतो.

तर कागद तयार करायचा. सर्व्हिस सेंटरला परत जा आणि जॉबशीट (मशीनच्या तपासणीचा त्यांचा कागद) मागा, त्यावर 'लिक्विड डॅमेज' असं कारण, तारीख आणि सही-शिक्का पाहिजे. बोर्डाचे फोटो मागा, नेमकं कुठे गंज किंवा डाग आहे ते दाखवा म्हणा, आणि शक्य असेल तर तुमच्यासमोर उघडायला लावा. बऱ्याच वेळा फोटो मागितल्यावरच भाषा बदलते. ते देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल टाका की अमुक तारखेला तुमच्या सेंटरने तोंडी असं सांगितलं, लेखी द्यायला नकार दिला, फोटोही दिले नाहीत. फोनवर बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचं ईमेल करायचंच, केस नंबर टाकून, आज तुमच्या माणसाने असं असं सांगितलं म्हणून. याचा कंटाळा येतो पण हेच पुढे कामाला येतं.

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगसाठी घेतलेल्या डेस्कटॉपचा बोर्ड गेला तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरने तुमची अर्थिंग खराब आहे म्हणून हात वर केले होते. आम्ही इलेक्ट्रिशियन बोलावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजला (कंपनीवाले तो साधारण 2-3 व्होल्टच्या आत मागतात), तो 1 च्या आतच निघाला, त्याचं रीडिंग इलेक्ट्रिशियनकडून लेटरहेडवर सहीनिशी घेतलं, मीटरचा फोटो काढला आणि ईमेलला जोडून पाठवलं. बोर्ड बदलून मिळाला. आधी तेच सगळं फोनवर कितीतरी वेळा सांगून झालं होतं.

आता मशीन तुमच्याकडे आहे तोपर्यंत दोन कामं करून घ्या. त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) 48 आकडी की लिहून ठेवा, कारण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि बोर्ड बदलला की मशीन ती की मागतं, नसेल तर डेटा गेला, आणि डेटाची जबाबदारी आमची नाही यावर तुमची सही त्यांनी आधीच घेतलेली असते. मग पहिलं काम, विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (मशीनमध्ये काय काय घडलं त्याची नोंदवही) उघडून सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवर 41 ही नोंद शोधा. मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच त्यावरून कळतं, कारण कळत नाही, पण तारीख-वेळ मिळते, त्याचे स्क्रीनशॉट काढा. दुसरं म्हणजे उबुंटूचा (विंडोजसारखीच पण वेगळी, फुकट मिळणारी सिस्टीम) पेनड्राइव्ह बनवून इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप चालवा. तिथेही बंद पडला तर व्हिडिओ काढा, विंडोज परत टाका हा विषय तिथेच संपतो. बाहेरच्या रिपेअरवाल्याकडे मात्र अजून उघडू नका, तो कितीही चांगला असला तरी, नाहीतर कंपनीवाले त्याच्याकडेच बोट दाखवतील.

लेखी नकार आला की कंपनी, सर्व्हिस सेंटर आणि विकणारा दुकानदार, तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. सोबत 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाका, तिथून कंपनीकडे विचारणा जाते आणि बऱ्याच केसेस तिथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो नाहीतर गुडगावला, त्यांना इथे नाशिकमध्ये उत्तर द्यावं लागतं. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग मशीन लॅबला पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते हे माहीत असू द्या. कायद्यात 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात जास्त लागतात, ही मनाची तयारी ठेवा.

एक बघा, बिल कुणाच्या नावावर आहे? फर्मच्या नावाने जीएसटी बिल असेल तर व्यापारी कामासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा ते काढतील. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर कायद्यात त्याला सूट आहे, तक्रारीत ते वाक्य पहिल्यापासूनच घाला.

आणि बोर्ड बदलून मिळालाच तर मशीन तिथेच चालू करून बायोसमध्ये सिरीयल नंबर बघा, जुनाच आला पाहिजे. कधी कधी तो भरायचा राहतो आणि पुढच्या वेळी हे मशीन आमच्या रेकॉर्डला नाही म्हणतात.

जॉबशीट मिळाली की सिरीयल नंबर आणि तुमचं नाव झाकून फोटो इथे टाका, ईमेलचा मजकूर मी लिहून देतो.