पंखे फिरतात, पण डेस्कटॉपच्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही, काय तपासावे?

पंखे फिरतात म्हणजे वीज पोहोचते आहे, परंतु तेवढ्यावरून पॉवर सप्लाय निर्दोष ठरत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास मॉनिटरची केबल मदरबोर्डला (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डला) नव्हे, तर त्या कार्डाला जोडलेली असावी. ही गफलत वाटते त्याहून अधिक वेळा आढळते. त्यानंतर प्लग काढून, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा, रॅमची (तात्पुरत्या मेमरीची) पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावेत आणि दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून संगणक सुरू करून पाहावा. तरीही पडदा काळाच राहिल्यास, पुन्हा प्लग काढून मदरबोर्डवरील ३ व्होल्टची गोल बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी; बहुतेक मदरबोर्डांवर त्यामुळे बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज मूळ स्थितीत येतात. पॉवर सप्लाय मात्र घरी उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या भागांमध्ये) प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.