धर्मसंस्थेचं कॉलेज आणि आपला हक्क: वाचकांचे प्रश्न

निकाल लागले की देवगडपासून अलिबागपर्यंत सगळीकडून एकाच विषयावरचे प्रश्न येतात, म्हणजे कॉलेज ट्रस्टचं आहे, ट्रस्ट अमुक धर्माचा आहे, मग आपल्या मुलाला तिथे बरोबरीने वागवतील ना. यावेळी चार घेतेय.

मॅडम, मुलाला मुंबईत ख्रिश्चन संस्थेच्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालंय. रोज प्रार्थना असते म्हणे, सक्तीची असेल का? (एक आई, देवगड)

नाही ताई. घटनेचं कलम 28(3) आहे, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, आणि मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर तुमची संमती लागते. नको असेल तर एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज दिला म्हणून हजेरी किंवा मार्क कापले तर ते चूकच.

मी बौद्ध, एससी. अल्पसंख्याक कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणाला इथे एससीच्या जागाच नाहीत. असं करता येतं? आणि प्रवेश मिळालाच तर हॉस्टेलमध्ये जातीवरून त्रास झाल्यावर कुणाकडे जायचं? (विद्यार्थी, लांजा)

बाळा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडणार नाही, मलाही ते टोचतं, पण क्लार्क खोटं बोलला नाही. कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, आणि 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने कलम 15(5) आलं तेव्हा खासगी कॉलेजांतल्या आरक्षणातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या. मात्र त्यांच्या समाजाच्या कोट्याबाहेरच्या जागा सगळ्यांना खुल्या असतात, त्यासाठी मेरिटवर फॉर्म भर. आणि कॉलेज सरकारी अनुदान घेत असेल तर कलम 29(2) आहेच, केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. सोबत अल्पसंख्याक नसलेल्या कॉलेजांतही अर्ज टाकून ठेव, तिथे एससीला 13 टक्के जागा आहेत, एकाच ठिकाणी जीव अडकवू नको.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर ठाम आहे. प्रवेश कुणाला द्यायचा यात संस्थेला काही मोकळीक आहे, पण आत आलेल्या मुलाचा अपमान करायची मोकळीक कोणालाही नाही, मग ट्रस्ट कुठल्याही धर्माचा असो. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा तिथेही लागू आहे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2012 चे समतेचे नियम आहेत, त्यात प्रत्येक कॉलेजने भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो, त्याचं नाव अ‍ॅडमिशनच्या दिवशीच ऑफिसात विचार. मेसमध्ये वेगळं बसवलं, टोमणे मारले, काहीही झालं तरी तारीख, वेळ, कोण होतं ते त्याच रात्री लिहून ठेव, कारण महिन्याभराने तोंडी सांगितलेलं टिकत नाही, आणि घरी सांग, गप्प राहू नको.

मुस्लिम ट्रस्टच्या अनुदानित कॉलेजात मी अनेक वर्षं शिकवतोय, मी हिंदू. सीनियर मी, पण प्राचार्य दुसऱ्यालाच केलं. कोर्टात जाऊ? (खेड)

सर, फक्त एवढ्यासाठी जाल तर हाती फार काही लागणार नाही. अल्पसंख्याक संस्थेला आपल्या पसंतीचा प्राचार्य नेमता येतो हे सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये स्पष्ट केलंय, फक्त तो नियमाप्रमाणे पात्र हवा, तेवढं नक्की तपासा. पण पगार, रजा, नोकरीवरून काढणं यात तुमचा धर्म आणला तर नक्की भांडा. अल्पसंख्याक संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनाही सेवाशर्तींचं संरक्षण देता येतं हे सुप्रीम कोर्टाच्या 1986 च्या निकालापासूनचं आहे.

मुलीला अमेरिकेत चर्चच्या युनिव्हर्सिटीतून ऑफर आलीय. फॉर्ममध्ये धर्म विचारलाय, वागणुकीचे नियमही सही करायला दिलेत. पाठवू का? (बाबा, गुहागर)

धर्म विचारला म्हणून घाबरू नका दादा, पण सही करायच्या आधी सगळं वाचा. तिथला 1964 चा नागरी हक्क कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वंश, रंग, मूळ देश यावरून भेद करू देत नाही, म्हणजे भारतीय म्हणून तिला कमी लेखता येणार नाही, पण त्या कायद्याच्या या कलमात धर्म नाहीच. स्त्री-पुरुष समानतेचा 1972 चा टायटल नाइन नावाचा कायदा आहे, त्यात धर्मसंस्थेच्या ताब्यातल्या कॉलेजांना आपल्या शिकवणीशी विरोध येईल तिथे सूट मिळते. वंशाच्या बाबतीत मात्र धर्माचं कारण चाललं नाही. तिथल्या बॉब जोन्स या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीने वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी प्रेमसंबंध ठेवायला बंदी घातली होती, त्यात तिची करमाफी गेली आणि 1983 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

आणि कॉलेजाकॉलेजात फार फरक असतो. नोटर डेम कॅथलिक आहे, तिथे पदवीला धर्मशास्त्राचे पेपर घ्यावे लागतात, बाकी सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. ब्रिगम यंग मॉर्मन पंथाच्या चर्चची आहे, तिथे त्या चर्चचा सदस्य नसेल तर फी जास्त, शिवाय दारू, चहा-कॉफी, लग्नाआधीचे संबंध यावर नियम, आणि धर्मगुरूचं शिफारसपत्रही लागतं. चहाशिवाय आपली मुलगी राहील का हे तिलाच विचारा, हे तुम्ही ठरवायचं नाही. मग अ‍ॅडमिशन ऑफिसला ई-मेल टाका: आमच्यासारख्यांना फी किती, शिफारसपत्र हिंदू मुलीने कोणाकडून आणायचं, नियम मोडला तर शिक्षा काय, तक्रार कुठे करायची. उत्तर आलं की प्रिंट काढून व्हिसाच्या फाइलमध्येच ठेवा, आणि उत्तर गोलमाल आलं तर डिपॉझिट भरू नका.